सँडविचची साखळी आणि कोशातील नोंद

फलक आणि नोंद

इचलकरंजीहून हातकणंगल्याच्या रस्त्याला लागले, की शहर संपले असे वाटण्याच्या आतच कबनूर येते. यंत्रमागांचे हे गाव इचलकरंजीला इतके चिकटून आहे, की हद्द कोठे बदलली हे पाट्या वाचूनच कळते. मागावरची पाळी सुटली की रस्त्याकडेच्या वडा, भजी, मिसळीच्या गाड्यांवर गर्दी होते. सँडविच हा त्या रांगेतला नवा पदार्थ. त्याच्या फलकावर ‘सुप्रसिद्ध’, ‘अस्सल’, ‘एकदा खाल तर पुन्हा याल’ असे लिहिलेले असले तर त्यात वावगे काही नाही. गिऱ्हाईक बोलावणे हे फलकाचे कामच आहे.

अडचण होते ती हीच वाक्ये कोशात, गॅझेटियरमध्ये, जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेत किंवा मराठी विकिपीडियावर जाऊन बसतात तेव्हा. तिथला वाचक भूक लागली म्हणून आलेला नसतो. एखादी सँडविचची साखळी केव्हा निघाली, मालकी कोणाची, दुकाने किती, तिथे काय विकले जाते, एवढेच त्याला हवे असते. कदाचित सुताच्या धंद्यात साठवलेले चार पैसे त्याच साखळीचे दुकान घेण्यात घालावेत की नाही, या विचारात तो असतो. अशा वाचकाच्या हाती नोंदीच्या नावाखाली फलक पडला तर त्याचे नुकसान रुपयांत मोजता येते.

मराठी दुकानदारीत ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी एक जुनी पाटी आहे. तिची थट्टा पुष्कळ झाली, पण कोशकाराच्या नजरेने पाहिले तर फलकावरील बहुतेक मजकुरापेक्षा ती सरस ठरते, कारण ती खरी की खोटी हे तपासता येते. ‘सुप्रसिद्ध’ तपासता येत नाही.

कोशाची शिस्त

मराठीत ही शिस्त नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० च्या दशकात २३ खंडांत पुरा झाला. त्यासाठी केतकरांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले. कोशाचा प्रचार भरपूर झाला, पण तो कोशाच्या बाहेर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्यात नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, म्हणजे विधानाची जबाबदारी नावानिशी घेतली जाते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात हेच काम निराळ्या रीतीने होते. तिथे लेखाखाली सही नसते. त्याऐवजी विधानाला बाहेरचा संदर्भ लागतो आणि केलेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. पद्धती दोन असल्या तरी ‘हे कोण म्हणते?’ या प्रश्नाला उत्तर असले पाहिजे, ही अट दोन्हीकडे एकच आहे.

प्रचारभाषा म्हणजे काय

वाचकाला माहिती देण्यापेक्षा त्याचे मत घडवणे हा ज्या मजकुराचा हेतू असतो, ती प्रचारभाषा. ती खोटीच असते असे नाही. ‘खवय्यांच्या पसंतीस उतरलेली’ साखळी खरोखर पसंत पडलेली असू शकते. पण खवय्ये कोण, किती, त्यांना विचारले कोणी, हे त्या वाक्यात नसते. असे वाक्य एका साखळीवरून उचलून दुसरीला लावले तरी काही बिघडत नाही, आणि नोंदीचे वाक्य नेमके येथे वेगळे ठरते. ‘जम्बोकिंगचे पहिले दुकान २००१ मध्ये मुंबईत मालाड स्थानकाजवळ निघाले’ हे विधान दुसऱ्या कोणत्याही साखळीला लावता येत नाही. नाव बदलून पाहण्याची ही कसोटी साधी आहे आणि बऱ्याच वेळा पुरते.

विशेषणांचे वजन

मराठी प्रचारभाषेचा साठा ठरलेला आहे: सुप्रसिद्ध, नामांकित, दर्जेदार, चोखंदळ, घरगुती चव, जिभेवर रेंगाळणारी चव, अल्पावधीतच, माफक दरात, परंपरा जपत आधुनिकतेची कास धरणारे. यांतील प्रत्येक शब्दाखाली एखादी माहिती दडलेली असते किंवा काहीच नसते. ‘अल्पावधीतच’ याच्या खाली वर्षे असतात, ‘माफक’ याच्या खाली किंमत आणि ‘परंपरा’ याच्या खाली स्थापनेचे साल. विशेषण काढून ती माहिती वर आणली, की वाक्य बहुधा लहान होते. ‘जिभेवर रेंगाळणारी चव’ खरवडून पाहिली तर खाली काही सापडत नाही. ते वाक्य संपूर्ण जाते.

काही शब्दांचे वजन तर कायद्यानेच ठरवले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिराती व दावे यांसंबंधीच्या विनियमांत नैसर्गिक, ताजे, शुद्ध, पारंपरिक, मूळ, अस्सल अशा अर्थांच्या शब्दांवर अटी आहेत. ‘ताजे’ हा शब्द धुणे, सोलणे, थंड करणे, कापणे अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थासाठी राखलेला आहे. असा शब्द उत्पादनाच्या नावातच असेल आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याजोगी असेल, तर ते केवळ व्यापारनाम आहे, पदार्थाचे खरे स्वरूप दाखवत नाही, असा खुलासा वेष्टनावर छापावा लागतो. जाहिरातदाराला ज्या शब्दासाठी खुलासा द्यावा लागतो, तो कोशकाराने बिनखुलाशाने वापरणे विचित्रच.

‘कोल्हापुरी’ हे विशेषण याच वर्गातले, पण त्याच्यात दोन थर आहेत. कोल्हापुरी गुळाला आणि कोल्हापुरी चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. चपलेची नोंदणी २०१९ ची असून तिच्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांचा समावेश होतो. तिथे ‘कोल्हापुरी’ या शब्दाला कायदेशीर अर्थ आहे. ‘कोल्हापुरी सँडविच’ म्हणताना मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘तिखट’ एवढाच असतो. नोंदीत तसे लिहावे, किंवा कोणता मसाला घालतात ते सांगावे.

कर्ता नसलेले क्रियापद

विशेषणे गाळली म्हणजे काम झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात प्रचाराला विशेषणापेक्षा क्रियापद जास्त सोयीचे पडते. ‘ओळखली जाते’, ‘मानली जाते’, ‘समजली जाते’ या रूपांत कर्ता नाहीसा होतो आणि मत वस्तुस्थितीच्या वेषात उभे राहते. बोलीभाषेने यावर फार पूर्वीच उपाय शोधला आहे. ‘पहिला वडापाव दादरला झाला म्हणे’ यातील ‘म्हणे’ ऐकणाऱ्याला सावध करते, की ही माहिती ऐकीव आहे. लेखी मराठीने ते ‘म्हणे’ गाळले आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. कोशलेखन त्याच्या जागी नाव ठेवते: अमुक वृत्तपत्राने म्हटले, कंपनीच्या अहवालानुसार, न्यायालयाने ठरवले.

घराजवळचे उदाहरण म्हणजे ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ ही इचलकरंजीची उपाधी. ती सर्रास वापरली जाते आणि इचलकरंजी-कबनूर परिसराबद्दलच्या लेखांत पहिल्याच ओळीत येते. तिच्यातून भूगोल कळत नाही, इतिहासही कळत नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्या उद्योगाला प्रोत्साहन होते, या वाक्यातून दोन्ही कळतात. उपाधी पुढे ‘असेही म्हटले जाते’ म्हणून एका ओळीत द्यायला हरकत नाही, कारण ती प्रचारात आहे ही स्वतःच एक माहिती आहे. तिच्यावर लेखाचा पाया मात्र रचता येत नाही.

सर्वांत मोठी, केव्हा आणि कशात

अग्रक्रम सांगणारे विधान मापाशिवाय अपुरे असते आणि तारखेशिवाय लवकर शिळे होते. सबवे ही अमेरिकी सँडविच साखळी १९६५ मध्ये फ्रेड डिलुका आणि पीटर बक यांनी कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे सुरू केली. २०१० च्या अखेरीस जगभरात तिची ३३,७४९ दुकाने होती आणि मॅकडोनाल्ड्सची ३२,७३७. त्यामुळे २०११ मध्ये सबवे ‘जगातील सर्वांत मोठी रेस्टॉरंट साखळी’ झाल्याच्या बातम्या आल्या. विक्रीच्या रकमेत मात्र त्याही वर्षी मॅकडोनाल्ड्स बरीच पुढे होती. पुढच्या दशकात सबवेची अमेरिकेतील हजारो दुकाने बंद झाली. २०११ मध्ये ‘सर्वांत मोठी आहे’ असे वर्तमानकाळात लिहून ठेवलेली नोंद कोणी हात न लावताच चुकीची झाली. ‘२०१० च्या अखेरीस दुकानांच्या संख्येने सर्वांत मोठी होती’ हे वाक्य आजही खरे आहे. म्हणून कोशात वर्तमानकाळ जपून वापरतात.

शाखा आणि फ्रँचायझी

दुकाने मोजण्यापूर्वी ती कोणाची आहेत हे पाहावे लागते. शाखा ही मूळ मालकाची असते. तिचा नफा त्याचा आणि तोटाही त्याचाच. फ्रँचायझीत दुकान दुसऱ्याचे असते. तो साखळीला सुरुवातीचे शुल्क देतो, पुढे विक्रीवर ठरलेला हिस्सा देतो आणि मोबदल्यात नाव, पाककृती व कच्च्या मालाची व्यवस्था मिळवतो. सबवेची जवळपास सर्व दुकाने या पद्धतीची आहेत. मराठी वृत्तलेखनात दोन्हींना सरसकट ‘शाखा’ म्हणतात, आणि ‘शंभर शाखांचा टप्पा’ वाचून सगळी गुंतवणूक साखळीचीच असल्याचा समज होतो. करार झालेली, जागा ठरलेली आणि प्रत्यक्ष उघडलेली दुकाने एकाच आकड्यात घालण्याची रीतही आहेच. नोंदीत चालू दुकानांचाच आकडा द्यावा आणि तो कोणत्या तारखेचा हे सांगावे. उघडलेल्या दुकानांची बातमी होते, बंद पडलेल्यांची होत नाही. त्यामुळे जुन्या बातम्यांची बेरीज करून आजची संख्या काढता येत नाही.

जन्मकथा

प्रत्येक खाद्यसाखळीला जन्मकथा असते, आणि तिच्यात बहुधा गरिबी, आईच्या हातची चव व एक नकार असतो. जन्मकथा त्याज्य नाहीत, पण त्यांचा मूळ सांगणारा शोधावा लागतो. सँडविच या पदार्थाचीच कथा पाहण्याजोगी आहे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सँडविचचे चौथे अर्ल जॉन माँटेग्यू यांनी जुगाराच्या टेबलावरून उठावे लागू नये म्हणून पावात मांस घालून मागवले, असे सांगतात. ही हकीकत ग्रोस्ले या फ्रेंच प्रवाशाच्या पुस्तकातून पसरली. अर्लचे चरित्रकार रॉजर यांच्या मते ते नौदलाच्या कामात इतके गुंतलेले असत, की कामाच्या टेबलावरच खाण्याची शक्यता अधिक. पदार्थाला नाव अर्लवरून मिळाले हे पक्के, प्रसंग कोणता हे पक्के नाही.

वडापावाचेही असेच आहे. १९६६ मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. त्याच सुमारास सुधाकर म्हात्रे यांनीही तो सुरू केल्याचे म्हटले जाते. ‘वडापावाचे जनक’ असे लिहिणे सोपे आहे. ‘श्रेय सामान्यतः वैद्य यांना दिले जाते, म्हात्रे यांचेही नाव घेतले जाते’ हे लांब आणि रुक्ष वाटते, पण उपलब्ध माहिती तेवढीच आहे. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि बटाटाही त्यांच्याच वाटेने, याबद्दल असा वाद नाही.

दिनविशेषांच्या यादीत २३ ऑगस्ट हा ‘जागतिक वडापाव दिन’ म्हणून येतो. वडापावाने सुरू झालेल्या जम्बोकिंग या साखळीचा वर्धापनदिनही हाच. दिनविशेष लिहिणाऱ्याने ही दुसरी माहिती पहिलीच्या शेजारी ठेवली तर वाचक आपला निष्कर्ष आपणच काढतो. ती गाळली, तर एका साखळीचा वाढदिवस सर्व जगाच्या नावावर लागतो.

मा., श्री. आणि आदरार्थी बहुवचन

इंग्रजी कोशांचे नियम मराठीत तसेच्या तसे चालत नाहीत, त्याचे एक कारण आदरार्थी बहुवचन. ‘त्यांनी पहिले दुकान सुरू केले’ हे मराठीत निखळ सभ्य विधान आहे. तिथे ‘त्याने’ लिहिणे तटस्थपणा ठरत नाही, तो अनादर होतो. विश्वकोशातही व्यक्तींसाठी आदरार्थी रूपच येते. सीमारेषा त्याच्या पुढे आहे. मा., श्री., युवा उद्योजक, आदर्श व्यक्तिमत्त्व, ‘यांच्या दूरदृष्टीतून साकारलेला’ या गोष्टी समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेतून आलेल्या असतात. पश्चिम महाराष्ट्रात आण्णा, दादा, आबा, साहेब ही नावे इतकी रुळलेली असतात, की लिहिणाऱ्याला ती मूळ नावाचाच भाग वाटतात. नोंदीत पूर्ण नाव एकदा यावे आणि पुढे आडनाव व आदरार्थी क्रियापद यावर भागवावे.

साधनांची पारख

वाक्य तटस्थ असूनही साधन पक्षपाती असू शकते. स्थानिक वृत्तपत्रांत ‘दिमाखात शुभारंभ’ या मथळ्याखाली येणारा मजकूर पुष्कळदा दुकानदारानेच दिलेला असतो. वर्धापनदिनाच्या पुरवणीत जाहिरात आणि लेख शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींचा लेखक एकच असण्याची शक्यता बरीच असते. अशा मजकुरावरून उद्घाटनाची तारीख घेता येते, पण दर्जाबद्दलचे मत घेता येत नाही. साखळीच्या स्वतःच्या पत्रकालाही हाच नियम: स्वतःबद्दलच्या साध्या, वाद नसलेल्या गोष्टींसाठी ते चालते, थोरवीसाठी चालत नाही.

सरकारी नोंदी अधिक भरवशाच्या, पण त्या काय सिद्ध करतात हे नीट समजले पाहिजे. दुकानात लावलेल्या अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक परवाना असल्याचे सांगतो, चव चांगली असल्याचे सांगत नाही. नावापुढील ‘टीएम’ ही अक्षरे नोंदणीशिवायही लावता येतात. वर्तुळातील ‘आर’ मात्र व्यापारचिन्ह नोंदले गेल्यावरच लावता येतो, आणि १९९९ च्या कायद्यानुसार ती नोंदणी दहा वर्षांची असून पुढे नूतनीकरण करावे लागते. कंपनी म्हणून नोंदणीची तारीख आणि पहिली गाडी लागल्याची तारीख या बहुधा निराळ्या असतात. ‘स्थापना’ या एका शब्दाखाली दोन्ही कोंबल्या की पुढची सगळी वर्षे चुकतात.

व्हॉपरचा प्रसंग

प्रचार कोशात कसा शिरतो याचा सर्वांत बोलका दाखला २०१७ मधला आहे. त्या वर्षी १२ एप्रिलला बर्गर किंग या साखळीने अमेरिकेत पंधरा सेकंदांची दूरचित्रवाणी जाहिरात दाखवली. जाहिरातीच्या शेवटी दुकानातील कर्मचारी ‘व्हॉपर बर्गर म्हणजे काय’ असा प्रश्न गूगलला उद्देशून विचारतो. हेतू असा, की प्रेक्षकाच्या घरातील गूगल होम हे बोलके यंत्र तो प्रश्न ऐकेल आणि उत्तर वाचून दाखवेल. ते उत्तर विकिपीडियावरील व्हॉपरच्या लेखाच्या पहिल्या ओळींतून येत असे.

जाहिरातीच्या सुमारे आठवडाभर आधी त्या पहिल्या ओळी बदलल्या गेल्या होत्या. व्हॉपर ही कोणत्या साखळीची, कोणत्या प्रकारची वस्तू आहे या साध्या व्याख्येच्या जागी मांस कसे भाजलेले, त्यात काय मिसळलेले नाही, भाज्या कशा ताज्या, अशी मेन्यूकार्डाला शोभणारी वाक्ये आली. स्वयंसेवक संपादकांनी ती ओळखून मागे घेतली. जाहिरात गाजताच थट्टेखोरांनीही त्याच ओळींत विषारी पदार्थांची भर घातली आणि लेखाला काही काळ कुलूप लावावे लागले. गूगलने त्या जाहिरातीतील आवाजाला प्रतिसाद देणे त्याच दिवशी थांबवले. पुढे या मोहिमेला कान जाहिरात महोत्सवात ‘डायरेक्ट’ या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एकच कृती एका शिस्तीत नियमभंग आणि दुसरीत पुरस्कारपात्र कौशल्य ठरते, ही दोन शिस्तींमधील रेषा इतकी स्वच्छ क्वचित दिसते.

व्याख्येची ओळ हीच जागा का निवडली गेली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. यंत्र असो वा घाईतला माणूस, दोघेही पहिली ओळच वाचतात. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर केले पाहिजे, अशी अट विकिमीडिया फाउंडेशनने २०१४ मध्ये आपल्या वापरशर्तींत घातली होती. पण अट असली म्हणजे ती पाळली जातेच असे नाही, त्यामुळे पहिल्या ओळीवर पहारा ठेवावाच लागतो.

निवडीतून होणारी जाहिरात

एकही विशेषण नसलेली नोंदसुद्धा जाहिरात असू शकते. सगळ्या सँडविचची नावे व दर, प्रत्येक दुकानाचा पत्ता, उघडण्याच्या वेळा, घरपोच सेवेची माहिती, एवढे दिले की ते पत्रक झाले, भाषा कितीही कोरडी असो. उलट दिशेने, साखळीवर झालेला खटला, पदार्थ मागे घेतल्याची घटना किंवा बंद पडलेली दुकाने गाळली तर उरलेली सगळी वाक्ये खरी असूनही चित्र खोटे होते. प्रचारभाषेच्या शोधात शब्दांच्या याद्या बनवणारे संपादक येथे हमखास फसतात, कारण जे लिहिलेलेच नाही ते यादीत सापडत नाही.

‘फुटलाँग’ हे सबवेच्या लांब सँडविचचे नाव या संदर्भात उपयोगी आहे. २०१३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील एका तरुणाने ते टेपने मोजले आणि अकरा इंच भरलेल्या सँडविचचे छायाचित्र प्रसिद्ध केले. अमेरिकेत खटले झाले. कंपनीचे म्हणणे असे, की कणकेचा गोळा सर्वत्र सारख्याच वजनाचा असतो, भाजताना लांबी थोडी कमीजास्त होते. तडजोडीत वकिलांना शुल्क आणि ग्राहकांना जवळपास काहीच नाही असे ठरले, तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ती तडजोड फेटाळली. नोंदीत हा प्रसंग तीन-चार वाक्यांत, कंपनीच्या म्हणण्यासह यावा. तो गाळणे हा प्रचार होतो, आणि अर्धा लेख त्याला देणे हा सूड.

निंदेचाही तोल

प्रचार काढण्याच्या उत्साहात लेखणी दुसरीकडे कलते. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या सप्टेंबरात सबवेच्या गरम सँडविचच्या पावाबद्दल निकाल दिला. तिथल्या मूल्यवर्धित कर कायद्यानुसार करमुक्त ‘पाव’ ठरण्यासाठी साखरेचे प्रमाण पिठाच्या वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. सबवेच्या पावात ते दहा टक्के होते, म्हणून सवलत नाकारली गेली. जगभर मथळे आले ते ‘सबवेचा पाव हा पावच नव्हे’ असे. निकाल करापुरता होता. कोशात तो करापुरताच यावा.

गॅझेटियरांचा अनुभवही हेच सांगतो. मुंबई इलाख्याच्या मालिकेतील कोल्हापूरचे गॅझेटियर १८८६ चे. त्यात अंतरे, लोकसंख्या, बाजाराचे दिवस यांची मांडणी आजही हेवा वाटावा अशी आहे, स्तुतीचा लवलेश नाही. पण त्याच मालिकेत जातीजमातींच्या स्वभावाबद्दल केलेली विधाने आज वाचवत नाहीत. स्तुती गाळता आली म्हणून तटस्थता साधतेच असे नाही.

एक उतारा, जवळून

पुढील उतारा नमुन्यासाठी रचलेला आहे. यातील साखळी कल्पित आहे.

‘अल्पावधीतच खवय्यांच्या मनावर अधिराज्य गाजवणाऱ्या या सँडविच साखळीने कबनूरसारख्या ग्रामीण भागात जागतिक दर्जाची चव पोहोचवली आहे. शुद्ध, ताज्या व घरगुती साहित्यापासून बनवलेली पंचवीसहून अधिक प्रकारची सँडविच येथे अगदी माफक दरात मिळतात. युवा उद्योजकाच्या दूरदृष्टीतून साकारलेला हा ब्रँड आज पश्चिम महाराष्ट्रात अग्रेसर आहे.’

तीन वाक्यांत साल एकही नाही. ‘अल्पावधी’ म्हणजे किती, हे मालकाला विचारावे लागेल. ‘ग्रामीण भाग’ हे तर चूकच, कारण जनगणनेने कबनूरची गणना शहरी वस्तीत केलेली आहे. गावाला मागास दाखवले की दुकान आपोआप उंच दिसते, ही जुनी युक्ती. ‘शुद्ध’ आणि ‘ताज्या’ हे अटींचे शब्द. स्लाइस ब्रेड, चीज आणि सॉस कारखान्यातून येत असतील तर ‘घरगुती’ गेले. पंचवीस प्रकार मेन्यूवर मोजता येतात, पण चीज घातलेले आणि न घातलेले असे दोन धरून पंचवीस होत असतील तर तो आकडा काही सांगत नाही. ‘अग्रेसर’ कशात, हे कळत नाही.

या चाळणीतून उरते ते असे: ही कबनूर येथे अमुक साली सुरू झालेली, सँडविच विकणाऱ्या दुकानांची साखळी आहे. अमुक वर्षाच्या मार्चअखेर तिची हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत इतकी दुकाने होती, त्यांपैकी इतकी फ्रँचायझीवर चालत होती. तिसरे वाक्य पदार्थाचे: ब्रेडच्या दोन कापांना लोणी व हिरवी चटणी लावून मध्ये उकडलेला बटाटा, बीट, काकडी व टोमॅटोच्या चकत्या ठेवतात आणि हातातल्या टोस्टरमध्ये दाबून आचेवर दोन्ही बाजूंनी भाजतात. ‘चविष्ट’ हा शब्द येथे आलेला नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही.

मर्यादा

या पद्धतीने सगळे साधत नाही. चव, गर्दी, गावाचा जिव्हाळा यांना कोशात जागा कमी मिळते. कोल्हापूरकडे मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देण्याची रीत आहे, हे सांगता येते. ती का आवडते, हे कोश सांगू शकत नाही. ते ललित लेखाचे किंवा खाद्यसमीक्षेचे काम, आणि तिथे विशेषणांना मोकळीक असते. दुसरी अडचण साधनांची. मोठ्या साखळीवर न्यायालयाचे निकाल, अहवाल, पुस्तके मिळतात. चार दुकानांच्या साखळीवर उद्घाटनाच्या बातमीपलीकडे काही नसते, आणि अशा वेळी लिहिणारा पोकळी भरण्यासाठी नकळत मालकाचे शब्द उचलतो.

साधने नसतील तर स्वतंत्र नोंद करत नाहीत. दुकान चांगले की वाईट, याच्याशी त्याचा संबंध नसतो. कबनूरवरील नोंदीत लोकसंख्या, यंत्रमाग, रस्ते आणि शाळा यांच्यानंतर बाजारपेठेची एक ओळ येते. अशा साखळीचे पहिले दुकान त्या ओळीत, वडा-मिसळीच्या गाड्यांच्या शेजारी, बिननावाने बसते.